एक जादा

अकरा वर्षांपूर्वी, नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, पूर्व किनाऱ्यावरच्या एका तळावरून हवाई दलाचे मालवाहू विमान बेटांकडे निघाले. उड्डाणानंतर बेचाळीस मिनिटांनी ते रडारवरून दिसेनासे झाले. संकटाचा संदेश आला नाही. आकाशात ढग होते, वादळ नव्हते. विमानात एकोणीस जण होते. त्यांपैकी एक दत्ता, वय अठ्ठावीस, विमानाच्या देखभालीचा तंत्रज्ञ, राहणार राहू गावाच्या शिवारातली वस्ती, तालुका दौंड.

घरी फोन दुपारी तीन वाजता आला. संध्याकाळी दत्ताच्या वडिलांनी रोजच्याप्रमाणे मेंढ्या वाघरीत घेतल्या. वाघर म्हणजे खुंटांना लावलेले दोरीचे जाळे. त्याला एका बाजूला फट ठेवायची, मेंढ्या एकेक करून आत सोडायच्या आणि सोडताना मोजायच्या. फट बंद झाली की त्यांची पत्नी बायजाबाई घरातून विचारत, "किती भरल्या?" आणि ते आकडा सांगत. पस्तीस वर्षे हा प्रश्न आणि हे उत्तर एकाही दिवशी चुकले नव्हते. त्या संध्याकाळी प्रश्न नेहमीपेक्षा उशिरा आला. वाघरीत एकतीस मेंढ्या होत्या. त्यांनी सांगितले, "बत्तीस."

पुढे दहा वर्षे त्यांच्या मोजणीत रोज एक जादा असे. घरचे आणि ओळखीचे त्यांना आबा म्हणत. राहूत आणि महामार्गावरच्या भांडगावपर्यंत बाकीचे लोक त्यांना 'एक जादा' म्हणत, काही तोंडावर, बहुतेक मागे. यंदा माघात आबा वारले. वय चौऱ्याहत्तर. सकाळी बाजेवर चहा घेतला, आडवे झाले आणि उठले नाहीत.

त्यांचा बाप आणि आजा दिवाळीनंतर मेंढरे घेऊन घाट उतरत आणि पावसाळ्याच्या तोंडावर परत येत. आबांनीही तरुणपणी बारा हिवाळे कोकणात काढले. नंतर कालव्याचे पाणी आले, चार एकरांत ऊस आणि कांदा होऊ लागला, तेव्हा ते वस्तीवर थांबले. मेंढ्या मात्र तीसेक ठेवल्या. त्यांच्या घरची एक रीत होती. चुकलेले जनावर मेले असे म्हणायचे नाही आणि मोजणीतून काढायचे नाही. खूण सापडली तरच काढायचे. खूण म्हणजे कान, शिंग, खूर किंवा गळ्यातली घंटी. एकदा घाटात चुकलेली मेंढी आबांनी अडीच महिने मोजली. शेवटी करवंदीच्या जाळीत तिची घंटी मिळाली, त्या संध्याकाळी आकडा एकाने उतरला. "मेंढी एक तर आत असती, न्हाई तर बाहेर असती," ते सांगत. "मेली ही तिसरी गोष्ट. ती बघितल्याबिगर बोलायची न्हाई."

मी त्या वेळी एका दैनिकाला दौंड आणि शिरूर या दोन तालुक्यांच्या बातम्या देत असे. विमान बेपत्ता झाल्याच्या तिसऱ्या दिवशी माझी बातमी पहिल्या पानावर आली. मथळा होता, 'राहूच्या जवानाला वीरमरण'. बातमीसाठी मी चार फोन केले होते. वस्तीवर गेलो नव्हतो.

बातमी आली त्याच दिवशी अकरा वाजता आबा एसटीने दौंडच्या कार्यालयात आले. डोक्याला पागोटे, खांद्यावर घोंगडी, हातात घडी घातलेला अंक. मी खुर्ची पुढे केली. ती त्यांनी घेतली नाही.

"ही बातमी कुणी लिवली?"

"मी लिहिली, आबा."

"खूण बघितली?"

"कसली खूण?"

"माझा पोरगा मेल्याची. लिवलंय म्हंजी तुम्ही काय तरी बघितलं असंल. मला दावा."

मी म्हणालो की दोन दिवस उलटून गेले आहेत, समुद्र खोल आहे, आणि सगळे तेच म्हणत आहेत.

"सगळे म्हंजी कोण? त्यातलं कोण तिथं हुतं?"

"तिथं कुणीच नव्हतं."

"मग पत्रकार, तुमच्यापरीस माझं कुत्रं बरं. त्ये वास आल्याबिगर भुंकत न्हाई."

दुसऱ्या दिवशी पाचव्या पानावर दोन ओळींचा खुलासा आला. दत्ता यांच्या मृत्यूची पुष्टी झालेली नाही, ते बेपत्ता आहेत, एवढाच मजकूर. आबांनी तो कापला, प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला आणि बंडीच्या खिशात ठेवला. पहिल्या पानावरची बातमी त्यांनी ठेवली नाही.

त्या आठवड्यात मी वस्तीवर गेलो आणि अशा वेळी विचारतात तेच विचारले. तुम्हाला काय वाटते? आबा कुत्र्याला भाकरी घालत होते. "वाटायचं काय त्यात? शेवटी कुठं दिसला ते इचारा. कुणी बघितला ते इचारा. जिथवर कुणी बघितलंय तिथवरचं रान खरं. पुढचं रान आपल्या मनातलं." मी हे वाक्य वहीत उतरवून घेतले. बातमीत वापरले नाही. पुढे जिल्ह्याच्या कामावर आणि नंतर संपादकीय विभागात गेलो, तेव्हा नव्या वार्ताहरांची बातमी हातात आली की पहिला प्रश्न तोच विचारत असे. कुणी बघितले?

पाचव्या आठवड्यात दलाचा एक अधिकारी वस्तीवर आला. तो विदर्भातला होता, मराठी बोलत होता. सोबत नकाशा होता. अंगणात बाजेवर नकाशा पसरला, चार कोपऱ्यांना चार कांदे ठेवले. आबा उकिडवे बसले.

"शेवटी कुणी बघितलं?"

"रडारनं."

"तवा तोंड कुणीकडं हुतं?"

"पूर्वेकडं. बेटांकडं."

"वारं?"

अधिकाऱ्याने वारा सांगितला. आबांनी पाण्याची ओढ विचारली, तीही सांगितली. मग आबांनी शेवटच्या ठिपक्याच्या अलीकडे, किनाऱ्याच्या बाजूला बोट ठेवले. "हितं बघा."

"आबा, विमान पुढं जात होतं."

"जाईना का. वाट मोडली की चुकलेलं जनावर पुढं जात न्हाई. आलेल्या वाटंकडं तोंड करतं, घराकडं. कोकणात उतरताना माझ्या चार मेंढ्या चुकल्या. चारी मागंच घावल्या."

बायजाबाई दारातून म्हणाल्या, "अहो, विमान हाय ते. मेंढरू न्हवं."

"विमानाला कळत न्हाई, पन पोराला कळतं."

अधिकारी हसला नाही. त्याने पेन काढले आणि आबांच्या बोटाजवळ फुली केली. "हा भाग आम्ही दोनदा पाहिलाय, आबा. तिसऱ्यांदा पाहायला सांगतो." तसे त्याने सांगितले, आणि तो भाग तिसऱ्यांदा पाहिला गेला. तिथे काही नव्हते. आणखी काही दिवसांनी शोधाची जहाजे परत बोलावली गेली. ते कळवायला अधिकाऱ्याने स्वतः फोन केला. आबांनी विचारले, "बंद केलं म्हणा की."

"बंद नाही, आबा. स्थगित. नवीन काही कळलं तर पुन्हा सुरू."

"म्हंजी वाघर काढली, पन खुंट ठेवलं."

"तसंच."

"मग चालंल."

तेव्हापासून दरवर्षी नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आबा त्या अधिकाऱ्याच्या कार्यालयाला फोन लावत. फोन घेणारा माणूस दर दोन वर्षांनी बदले. आबांचे हिंदी बदलले नाही. "हॅलो साब, राहू से बोलता हूँ. दत्ता का बाप. कुछ घावला क्या? नहीं घावला? बराबर. लेकिन खुंटा मत निकालना." पलीकडच्या माणसाला पहिल्या वर्षी खुंटा म्हणजे काय ते कळले नाही. तिसऱ्या वर्षी नव्या माणसाने आपण होऊन सांगितले, "चाचाजी, खुंटा लगा हुआ है." जुन्याने जाताना नव्याला सांगून ठेवले होते.

'एक जादा' हे नाव पडले ते जनावरांच्या डॉक्टरांमुळे. दुसऱ्या वर्षी तालुक्यातून मेंढ्यांना लस टोचायला डॉक्टर वस्तीवर आले. किती मेंढ्या आहेत, असे त्यांनी बांधावरूनच विचारले. आबा म्हणाले, तीस. डॉक्टरांनी तीस लशी भरल्या, एकोणतीस टोचल्या. एक उरली. डॉक्टर नवे होते आणि कामाचे पक्के होते. लस न मिळालेली एक मेंढी कळपात राहिली तर अख्ख्या कळपाला धोका, म्हणून ते हातात सुई घेऊन उसात शिरले. अर्धा तास त्यांनी तिसावी मेंढी शोधली. आबाही त्यांच्या मागोमाग फिरत होते. कुणी काही शोधत असेल तर सोबत फिरायचे, हा त्यांचा स्वभाव होता. बायजाबाई कपडे वाळत घालून आल्या, तेव्हा दोघे उसातून अंगाला कुसळे लावून बाहेर येत होते.

"काय हुडकताय?"

"तीस सांगितल्या होत्या, एक सापडत नाही," डॉक्टर म्हणाले.

"ती तुम्हाला न्हाई घावायची, साहेब. ती समुद्रात हाय."

मग त्यांनी सगळे सांगितले. डॉक्टरांनी सुई पेटीत ठेवली आणि वहीत एकोणतीस लिहिले. पुढच्या खेपेला त्यांनी बांधावरून विचारले, "आबा, तुमच्या मोजणीनं किती आणि माझ्या मोजणीनं किती?" आबांनी दोन्ही आकडे सांगितले. ही गोष्ट डॉक्टरांच्या चालकाने राहूच्या चहाच्या टपरीवर सांगितली आणि नाव पडले.

मुलगा जिवंत आहे असे आबा धरून चालले आहेत, असा समज सगळीकडे होता. तो बरोबर नव्हता. मी त्यांना थेट विचारले होते. ते म्हणाले, "जित्ता हाय असं मी कवा म्हणलो? मेला असं बी म्हणलो न्हाई. बाहेर हाय म्हणतो." बायजाबाईंचे मत वेगळे होते, पण त्या ते भांडणात गुंडाळून सांगत. "तुम्हाला मोजता येत न्हाई," त्या म्हणत. "तुला धीर न्हाई," ते म्हणत.

या मोजणीचा भार पडत होता तो तिसऱ्याच माणसावर. दत्ताची बायको रेखा तेव्हा तेवीस वर्षांची होती. लग्नाला चौदा महिने झाले होते. मूल नव्हते. शिरूर तालुक्यातल्या माहेरी फक्त आई होती. रेखाच्या गळ्यात मंगळसूत्र होते, कारण सासरा मुलाला रोज मोजत होता. संक्रांतीला हळदीकुंकवाचे एका घरचे बोलावणे येई, शेजारच्या घरचे येत नसे. ज्यांचे येई त्या बायकाही तिला कुंकू लावताना एकमेकींकडे पाहत. दुसऱ्या वर्षी दलाचे पत्र आले. विमानातल्या सगळ्यांना मृत गृहीत धरले आहे, पत्नीने आणि वडिलांनी सोबतच्या कागदावर सही करून पाठवावी. आबांनी कागद वाचून घेतला आणि परत दिला. "गृहीत म्हंजी न बघता." त्यांनी सही केली नाही, म्हणून रेखानेही केली नाही. कागद पत्र्याच्या पेटीत गेला आणि दीड वर्ष तिथेच राहिला.

त्या काळात रेखाच्या आईकडे एक स्थळ आले. मुलाचे नाव शिवाजी. शिक्रापूरच्या एका कारखान्यात मशीनवर होता, खोली भाड्याने घेऊन राहत होता. त्याला सगळी हकीकत माहीत होती. थांबायला तो तयार होता. रेखाने आईला हो म्हटले नाही, नाही म्हटले नाही. सासरी तर ती बोललीच नाही.

पुढचा प्रसंग मला रेखाने सांगितला. बायजाबाईंनी त्याला दुजोरा दिला. संध्याकाळ झाली होती. बायजाबाईंनी विचारले, "किती भरल्या?" आबा म्हणाले, "एकतीस." तेव्हा वाघरीत तीस होत्या. रेखा पाण्याचा हंडा खाली ठेवत होती. ती म्हणाली, "आबा, एक इचारू?"

"इचार की."

"ह्या मोजणीत मी कुठं हाय? आत का बाहेर?"

 त्या दिवशी आबा जेवले नाहीत. पुढचे दोन दिवस ते उजाडायच्या आत मेंढ्या घेऊन नदीकडे गेले आणि दिवस मावळताना आले. संध्याकाळी आकडा तेवढा सांगितला. तिसऱ्या दिवशी सकाळी बायजाबाई चुलीपुढे होत्या. आबा उंबऱ्यात बसले.

"मेंढी चुकली तर तिच्या कोकराचं आपण काय करतो?"

"दुसरीला लावतो."

"कवा?"

"त्याच दिशी. न्हाई तर उपाशी मरंल."

"आन् मोजणी?"

"मोजणी चालूच असती. मोजणीचा आन् कोकराचा काय संबंध?"

"मग आपण साडेतीन वर्षं काय करतोय?"

बायजाबाईंनी फुंकणी खाली ठेवली. "मला इचारता व्हय? मी कवाची वाट बघतीया, तुम्हाला कवा कळतंय त्याची."

त्याच आठवड्यात आबा, रेखा आणि मी पेटीतला कागद घेऊन पुण्याच्या एका कार्यालयात गेलो. रेखाने सही केली. आबा पाचवीपर्यंत शिकले होते, अक्षर सुटे आणि मोठे होते. त्यांनी सहीच्या वर एक ओळ लिहिली, 'मुलगा सापडला नाही. शोध चालू ठेवावा.'

कारकून म्हणाला, "आबा, इथं फक्त सही करायची असते. मजकूर लिहायचा नसतो."

"सही माझी न्हवं? मग वरचं बी माझंच."

कारकुनाने दुसरा कागद दिला. आबांनी त्यावर तीच ओळ पुन्हा लिहिली, पहिल्यापेक्षा मोठ्या अक्षरात. तिसऱ्या कागदानंतर कारकुनाने हात जोडले आणि शिक्का मारला. तो कागद तसाच दाखल झाला. पुढे त्यावरून कुणी हरकत घेतली नाही.

मग रेखाने शिवाजीच्या स्थळाचे सासरी सांगितले आणि लग्न ठरले. राहूत मात्र त्याला हरकत घेतली गेली. पारावर भावकीतल्या एकाने आबांना अडवले. "काय हो एक जादा, हिकडं पोराला मोजता आन् तिकडं सुनेचं लगीन लावता. तुमचं कंचं खरं धरायचं?" आबा थांबले. "मोजणी बापाची असती. ती तिच्या गळ्यात कशाला बांधू?" एवढे बोलून ते पुढे गेले. त्या माणसाने लग्नाला येणार नाही असे सांगितले होते. तो आला आणि जेवूनही गेला.

लग्न शिक्रापुरात महामार्गालगतच्या एका लहान सभागृहात झाले. बाहेर ट्रकची रांग होती, हॉर्नच्या आवाजात अर्धी मंगलाष्टके ऐकू आली नाहीत. रेखाचे कन्यादान आबा आणि बायजाबाई यांनी केले. आबांनी आपल्या मेंढ्यांच्या लोकरीची घोंगडी विणून घेतली होती, ती जोडप्याला दिली. मग शिवाजीच्या खांद्यावर हात ठेवून सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाले, "ही आमची लेक. जपून ऱ्हावा. चुकली तर मी यीन आन् इचारीन, शेवटी कुठं बघितली." मंडप हसला. शिवाजी हसला नाही. त्याने मान डोलावून "व्हय, आबा" म्हटले. हे आबांना आवडल्याचे ते पुढे अनेकांना सांगत.

रेखाने वर्षभरात शिक्रापुरातच नोकरी धरली, तयार माल तपासण्याच्या विभागात. दिवाळीला ती राहूला येई. माहेर म्हणायची ते त्या वस्तीलाच. तिला मुलगी झाली, तेव्हा बाळंतपण बायजाबाईंनी केले. उरलेल्या दिवसांत ती संध्याकाळी फोन करी. कामाची पाळी कुठलीही असो, सातच्या आत तिचा फोन येई, आणि पहिला प्रश्न असे, "आबा, किती भरल्या?" आबा आकडा सांगत. त्यात एक जादा आहे हे तिला माहीत असे. "बरं," ती म्हणे, आणि मग मुलीच्या तापाचे किंवा कारखान्यातल्या सुपरवायझरचे बोलणे सुरू होई. नागपंचमीनंतरचा वार्षिक फोनही पुढे तीच लावून देऊ लागली. बोलत आबाच.

गेल्या वर्षी कार्तिकात, एका गुरुवारी सकाळी, आबांचा मला फोन आला. "पत्रकार, या. बघून लिवा." आणखी काही सांगितले नाही.

मी पोचलो तेव्हा अंगणात बाज होती, बाजेवर नकाशा होता आणि चार कोपऱ्यांना चार कांदे होते. तो अधिकारी निवृत्त झाला होता, केस पांढरे झाले होते. बातमी जाहीर होण्याआधी तो स्वतःच्या गाडीने आला होता. रेखा आणि शिवाजी शिक्रापूरहून आले होते. अधिकाऱ्याने सांगितले, की समुद्राच्या तळाची पाहणी करणाऱ्या जहाजाने खोल पाण्यात एक माणूसविरहित यंत्र सोडले होते. त्याने काढलेल्या छायाचित्रांत विमानाचे तुकडे दिसले. त्याने एक छायाचित्र बाजेवर ठेवले. चिखलात अर्धा रुतलेला पत्रा होता. त्यावर आकडे होते. ते त्या विमानाचेच असल्याचे पडताळून झाले होते.

आबांनी छायाचित्र उचलले नाही. वाकून पाहिले.

"किती खोल?"

"तीन किलोमीटरहून जास्त."

आबांनी राहूच्या दिशेला पाहिले. वस्तीपासून गावची वेस तीन किलोमीटर आहे. "म्हंजी गावापतुर. पन खाली."

"होय."

"कशानं झालं?"

"ते अजून कळलेलं नाही, आबा. कदाचित कळणारही नाही."

"बरं. जेवढं कळलं तेवढंच सांगितलंत, चांगलं झालं." मग ते म्हणाले, "हे पुढं घावलं का मागं?"

अधिकाऱ्याने नकाशावर आधी शेवटच्या ठिपक्यावर बोट ठेवले. तिथून ते पूर्वेकडे नेले आणि थांबवले. "पुढं."

"मी मागं म्हणलो हुतो."

"होय. तुमची फुली अजून आहे इथं."

"म्हंजी मी चुकलो." आबांनी फुलीपासून त्या जागेपर्यंत बोट नेले. "त्यो वळला न्हाई. ज्या कामाला निघाला हुता, तिकडंच गेला."

 रेखा बायजाबाईंचा हात धरून उभी होती. मग आबांनी विचारले, "ही खूण विमानाची झाली. पोराची काय घावंल?"

"नाही, आबा. इतक्या खोलातून काही वर आणता येणार नाही."

आबांनी छायाचित्र हातात घेतले. पत्र्यावरच्या आकड्यांवरून अंगठा फिरवला. "नगा आणू. घंटी घावली."

त्यांनी बंडीच्या खिशातून प्लॅस्टिकची पिशवी काढली. दहा वर्षांपूर्वीचा दोन ओळींचा खुलासा तिच्यात होता, कागद पिवळा झाला होता. तो त्यांनी माझ्या हातात दिला. "हे खरं हुतं. आता दुसरं लिवा. ह्या बारीला बघितलंय तुम्ही."

दुपारी बायजाबाईंनी सगळ्यांना पिठले-भाकरी वाढली. अधिकारी दोनदा नको म्हणाला आणि तिसऱ्यांदा जेवला. जाताना त्याने फुली असलेला नकाशा आबांना दिला. रेखा आणि शिवाजी थांबले. मीही थांबलो.

आदल्या संध्याकाळी आबांनी सत्तावीस सांगितल्या होत्या. त्यानंतर एकही मेंढी विकली गेली नव्हती, मेली नव्हती, चुकली नव्हती. सूर्य मावळताना मेंढ्या नदीकडून आल्या. आबांनी फट उघडली, एकेक करून सगळ्या आत सोडल्या आणि फट बंद केली. बायजाबाई दारात आल्या. त्यांनी विचारायच्या आत रेखाने विचारले.

"आबा, किती भरल्या?"

"सव्वीस."

वाघरीत सव्वीस मेंढ्या होत्या.